काडीला मूळ फुटेपर्यंत : जास्वंदीचं छाट कलम

आजचा विषय साधा वाटेल. जास्वंदीची काडी तोडायची आणि कुंडीत खोचायची, त्यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. आम्हालाही पूर्वी तसंच वाटायचं. आम्ही म्हणजे एकाच सोसायटीच्या गच्चीवर बाग करणारे सहाजण. त्यात शेतकी शिकलेला एकच, बाकीचे हात मातीत घालून शिकलेले. गेली काही वर्षं आम्ही जास्वंदीच्या काड्या लावतोय आणि त्यातल्या पुष्कळशा मारल्याही आहेत. त्या का मेल्या हे समजल्यावर उरलेल्या जगायला लागल्या. आज त्याबद्दलच बोलू.

सुरुवात एका प्रसंगापासून करतो. आमच्या सोसायटीच्या मागे एक जुना वाडा होता. तो पाडून इमारत होणार होती. तिथल्या आजींनी मे महिन्याच्या मध्यावर आम्हाला बोलावलं. अंगणात त्यांच्या सासूबाईंनी लावलेली जास्वंद होती. दुहेरी पाकळ्यांची, फिकट केशरी, मध्यभागी गडद लाल. आजींनी दोन-तीन नर्सऱ्यांमध्ये तिचं फूल दाखवलं होतं, पण तसं झाड कुठेच नव्हतं. "झाड उचलता येईल का?" असं त्यांनी विचारलं. खोड मनगटापेक्षा जाड, मुळं थेट पायाच्या दगडांखाली गेलेली. उचलणं शक्य नव्हतं. महिनाअखेरीला वाडा रिकामा करायचा होता. हातात पंधरा दिवस होते, आणि महिना मे.

त्या झाडाच्या आम्ही चोवीस काड्या घेतल्या. त्यांचं काय झालं ते ओघात येईलच. पण आधी एक प्रश्न विचारू. बी का नाही लावलं?

बी का नाही

आपण जिला जास्वंद म्हणतो तिचं शास्त्रीय नाव हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. हे नाव लिनिअसने १७५३ साली दिलं. रोझा-सायनेन्सिस म्हणजे चीनचा गुलाब. संस्कृतात हीच जपा, म्हणून जपाकुसुम. माणसाने ही इतका काळ बागेत वाढवली आहे आणि तिचे इतके संकर केले आहेत की आज तिच्या असंख्य जाती दिसतात. दुहेरी फुलांमध्ये पुंकेसरांचीच पाकळ्यांसारखी रूपं झालेली असतात, त्यामुळे त्यांना बी सहसा धरत नाही. आणि समजा एखाद्या जास्वंदीला बोंड धरलं, त्यातल्या बियांपासून रोपं केली, तरी ती आईसारखी निघतीलच असं नाही. संकरित झाडाच्या बीमध्ये गुणांची नवी वाटणी होते. केशरी फुलाच्या बीपासून लाल येईल, पिवळं येईल, एकेरी येईल.

काडीचं तसं नाही. काडीपासून वाढलेलं झाड हे मूळ झाडाचं मूल नव्हे, ते मूळ झाडच असतं. त्याचाच एक तुकडा दुसऱ्या जागी पुढे वाढत राहतो. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. ऊस लावताना आपण बी पेरत नाही, उसाची टिपरी लावतो. एका डोळ्याची, दोन डोळ्यांची. शेतातला सगळा ऊस म्हणजे त्या बेण्याचाच विस्तार. आणि ही युक्ती फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. कोणत्या झाडांच्या फांद्या शेणाने माखून लावाव्यात, हे त्यात सांगितलं आहे.

म्हणजे आजींचं झाड वाचवायचं तर काडीच लावायला हवी होती.

तोडलेल्या काडीची तहान

आता मुख्य मुद्दा. काडी तोडली त्या क्षणी तिच्या बाबतीत काय घडतं?

झाडावर असताना मुळं खालून पाणी देत होती आणि पानं ते हवेत सोडत होती. पानांच्या खालच्या बाजूला असलेल्या बारीक पर्णरंध्रांमधून वाफ बाहेर पडते आणि त्या ओढीने खालचं पाणी वर चढतं. आपण काडी तोडतो तेव्हा खालचा पुरवठा तुटतो, वरचा खर्च मात्र चालूच राहतो. कापलेल्या टोकातून थोडं पाणी आत जातं, पण मुळांच्या तुलनेत ते फारच कमी. म्हणजे मिळकत बंद झालेल्या घरासारखी काडीची अवस्था होते. शिल्लक संपायच्या आत नवी मिळकत सुरू व्हायला हवी. ती मिळकत म्हणजे मूळ.

जास्वंदीला चांगली मुळं फुटायला साधारण चार ते आठ आठवडे लागतात. एवढे दिवस काडीला मुळांशिवाय तग धरायचा असतो. या काळात तिचा दोन प्रकारे घात होतो. एकतर ती सुकते, नाहीतर कुजते. कोरड्या हवेत पानांमधून पाणी उडून गेलं की सुकते. खाली पाणी साचून मातीतली हवा संपली की बुरशी धरते आणि कुजते. छाट कलमाचे सगळे नियम, अगदी सगळे, या दोन मरणांमधून काडीला पार नेण्यासाठी आहेत. एकदा हे मनात बसलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. पुढे मी काय करा ते सांगेन, प्रत्येक वेळी तुम्ही स्वतःला विचारा की हे कशासाठी, सुकू नये म्हणून की कुजू नये म्हणून.

मूळ येतं कुठून

फांदीवर मूळ नसतं. मग ते येतं कुठून?

जास्वंदीची साल नखाने थोडी खरवडली तर खाली हिरवा ओला भाग दिसतो आणि साल अन् लाकूड यांच्या मध्ये एक निसरडा पातळ थर लागतो. या थरातल्या आणि त्याच्या आसपासच्या पेशी अजून विभागू शकतात. जखम झाली की त्यातल्या काही पेशी आपलं ठरलेलं काम सोडून मुळाचं काम हाती घेतात. त्यांचा एक छोटा पुंजका होतो, मग त्याचं टोक साल फोडून बाहेर येतं. अशा मुळांना आगंतुक मुळं म्हणतात. वडाच्या पारंब्या हेही त्याचंच उदाहरण.

पेशींना हा निरोप देणाऱ्या द्रव्यांमध्ये मुख्य आहे ऑक्सिन नावाचं संप्रेरक. त्याच्या शोधाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढे बाजारातली पावडर घेताना ती उपयोगी पडेल. १८८० साली चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी दाखवलं की गवताच्या कोंबाला उजेड शेंड्याला जाणवतो, पण वाकतो तो खालचा भाग. म्हणजे शेंड्याकडून खाली काहीतरी निरोप जातो. १९२० च्या दशकात नेदरलँड्समधल्या उत्रेख्त इथे फ्रिट्स वेंट यांनी तो निरोप अगारच्या तुकड्यात पकडून दाखवला. ऑक्सिन ते हेच. १९३० च्या दशकात याच द्रव्यामुळे काड्यांना मुळं फुटतात हे लक्षात आलं आणि त्याच दशकात इंडॉल ब्युटिरिक आम्ल, म्हणजे आयबीए, कलमांसाठी वापरात आलं. आज नर्सरीत मिळणाऱ्या बहुतेक रूटिंग पावडरींमध्ये हेच असतं.

ऑक्सिन शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि खोडातून खाली वाहतं. काडी तोडली की ते कापलेल्या खालच्या टोकाशी साचतं. मूळ तिथेच का फुटतं याचं हे एक मोठं कारण. म्हणून काडीची खालची बाजू खालीच गेली पाहिजे. १८७८ साली हेर्मान फ्योख्टिंग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने विलोच्या काड्यांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काडी उलटी टांगली तरी मुळं तिच्या मूळच्या खालच्या टोकाकडेच येत होती. काडीला आपलं खाली-वर ठाऊक असतं. नवशिके काडी उलटी खोचतात तेव्हा नेमकं हेच विसरतात.

काडी निवडताना

आता हात कामाला लावू. झाडावर तीन प्रकारच्या काड्या दिसतात. शेंड्याकडची कोवळी, हिरवीगार, वाकवली तर नुसती वाकणारी. बुंध्याकडची जून, राखाडी, वाकवली तर कट्कन मोडणारी. आणि या दोन्हींच्या मधली, हिरव्यावरून तपकिरी होत चाललेली, वाकते पण ताण देते. आपल्याला ही मधली हवी. कोवळीत पाणी भरपूर आणि साठा कमी, ती सुकते किंवा कुजते. जून काडीत साठा असतो, पण तिच्या पेशी नवं काम पत्करायला आळशी झालेल्या असतात. मधल्या काडीत दोन्ही जमतं. जाडी पेन्सिलएवढी, लांबी चार ते सहा इंच, पेरं तीन-चार.

झाड निरोगी हवं. पिठ्या ढेकूण हा जास्वंदीचा नेहमीचा पाहुणा. पानांच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर ती फांदी घेऊ नका. पानांवर पिवळी वलयं, पिवळे ठिपके असतील तर आणखी सावध व्हा. जास्वंदीला क्लोरोटिक रिंगस्पॉट नावाचा विषाणूजन्य रोग होतो. काडी म्हणजे मूळ झाडच, हे मघाशी म्हटलं ना? मग त्याचा रोगही त्याच्याबरोबर येतो. हा विषाणू कात्रीच्या पात्यावरूनही पसरतो, म्हणून एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पातं साबणाने स्वच्छ धुऊन घ्यावं.

आणखी एक गोष्ट. काडी झाडाची नव्हे, त्या फांदीची नक्कल करते. पांढऱ्या-हिरव्या पानांच्या जास्वंदीवर कधीकधी एखादी फांदी पूर्ण हिरवी निघते. तिची काडी लावली तर झाडही हिरवंच येईल. म्हणून जी फांदी आवडली तीच घ्या.

वेळ सकाळची. रात्रभर झाडाने पाणी भरून घेतलेलं असतं, काडी टच्च असते. तोडलेली काडी लगेच ओल्या फडक्यात गुंडाळा. आम्ही पहिल्या वर्षी एका मित्राकडून काड्या आणल्या, स्कूटरच्या डिकीत, दुपारी दोन वाजता. घरी पोचेपर्यंत त्यांचे शेंडे माना टाकून होते.

काडी तयार करणं

खालचा काप पेराच्या लगेच खाली, तिरका. पेरापाशी पेशी जास्त सक्रिय असतात आणि मुळं तिथे लवकर येतात. वरचा काप वरच्या डोळ्याच्या थोडा वर, सरळ. त्यामुळे खाली-वर याचा घोळही होत नाही. सिकेटर धारदार हवा. बोथट पात्याने साल चेचली जाते आणि चेचलेल्या जागी बुरशी आधी येते.

मग खालची पानं काढून टाका. वर एक किंवा दोन ठेवा आणि ती मोठी असतील तर अर्धी कापा. इथे नेहमी विचारलं जातं की सगळीच का नाही काढायची? पाणी पानांतूनच जातं ना? बरोबर आहे. पण पान साखर तयार करतं आणि ऑक्सिनही. मुळं तयार करायला दोन्ही लागतात. सगळी पानं ठेवली तर काडी तहानेने मरते, सगळी काढली तर ती साठ्यावरच जगते आणि मूळ फुटायला उशीर होतो. अर्धं पान ही तडजोड आहे.

कळ्या मात्र सगळ्या खुडा. जीवावर येतं, मान्य आहे. पण कळी उमलायला लागणारी साखर मुळाच्या वाटणीची असते.

आता पावडर. जास्वंदीच्या बऱ्याच साध्या जाती पावडरीशिवाय मुळं धरतात. दुहेरी आणि नव्या संकरित जातींना ती उपयोगी पडते. अशा मधल्या काडीसाठी साधारण १००० ते ३००० पीपीएम आयबीए वापरतात. काडीचं टोक ओलं करून पावडरीत जेमतेम बुडवा आणि जास्तीची झटकून टाका. जास्त लावली तर मुळं जास्त येत नाहीत, उलट पेशींचं काम अडतं. मध, दालचिनी, कोरफड यांबद्दल खूप सांगितलं जातं. दालचिनी बुरशीला थोडा अटकाव करते, मधातही जंतू वाढू न देण्याचा गुण आहे. पण आयबीएची जागा ते घेऊ शकत नाहीत. आणि पावडर लावूनही हवा कोरडी असेल तर काडी मरतेच. पावडर मुळं लवकर आणेल, काडीची तहान ती भागवत नाही.

कशात लावायची

इथे सगळ्यांत जास्त चुका होतात, आणि त्या प्रेमापोटी होतात. आपण काडीला चांगली काळी माती देतो, शेणखत देतो, रोज पाणी घालतो. पण मुळंच नाहीत तर खत खाणार कोण? खतावर बुरशी मात्र वाढते. काळी माती पाणी धरून ठेवते, तिच्यातली हवा संपते आणि काडीचं टोक काळं पडतं. काडीला खालून फक्त तीन गोष्टी हव्यात, ओल, हवा आणि आधार. धुतलेली जाड वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं हे मिश्रण आम्हाला सगळ्यांत सोपं वाटतं. मूठभर घेऊन दाबल्यावर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, एवढीच ओल.

आमची एक युक्ती सांगतो. दोन प्लास्टिकचे ग्लास घ्या, एक पारदर्शक, एक रंगीत. दोन्हींना खाली भोकं पाडा. काडी पारदर्शक ग्लासात लावा आणि तो रंगीत ग्लासात बसवा. आतल्या मुळांना अंधार मिळतो आणि मूळ आलं का हे पाहायला काडी उपटावी लागत नाही, नुसता आतला ग्लास उचलून बघायचा. दर तीन दिवसांनी काडी ओढून बघणाऱ्यांनी किती कोवळी मुळं तोडली असतील, याचा हिशेब नाही. त्यात आम्हीही आहोत.

काडी दीड-दोन इंच आत जाईल अशी लावा. आधी पेन्सिलीने भोक पाडा, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. भोवतीचं मिश्रण बोटाने दाबा, आत पोकळी राहू देऊ नका.

पिशवी आणि सावली

काडीला मुळं नाहीत तोवर पानांमधून जाणारं पाणी थांबवायचं, तर पानांभोवतीची हवाच दमट करायची. पारदर्शक पिशवी वरून घाला, दोन काटक्यांचा आधार द्या म्हणजे ती पानाला चिकटणार नाही, आणि खाली रबर लावा. आत दहिवर जमेल. ते दिसलं की समजायचं हवा दमट आहे. दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं पिशवी उघडा, बुरशी दिसली तर ती काडी काढून टाका. ग्लास भरपूर उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवा. उन्हात ठेवलं तर पिशवीच्या आत काडी अक्षरशः शिजते.

आणि म्हणूनच महाराष्ट्रात छाट कलमाचा खरा हंगाम म्हणजे मृगानंतरचा. जून ते ऑगस्टमध्ये हवाच दमट असते, आपलं निम्मं काम पाऊस करतो. कोकणात कुंपणाला जास्वंदीची नुसती काडी खोचली तरी ती जगते आणि पुण्यात कुणी तेच केलं की मे महिन्यात चार दिवसांत वाळते. कोकणातल्या माणसाचा हात जास्त चांगला असतो असं नाही, तिथली हवा चांगली असते. विदर्भात उन्हाळ्यात तर काडीचा विचारच नको.

फसवी पालवी

आता आजींच्या काड्यांकडे येऊ. महिना मे, चोवीस काड्या. त्यातल्या बारा आम्ही गॅलरीत नुसत्या सावलीत ठेवल्या, दिवसातून तीनदा पाणी शिंपडून. दुसऱ्या बारांवर पिशव्या घातल्या आणि त्या घरातल्या गार खोलीत खिडकीपाशी ठेवल्या. दहा दिवसांत गॅलरीतल्या बाराही गेल्या. शिंपडलेलं पाणी त्या हवेत पाच मिनिटंही टिकत नव्हतं. पिशवीतल्या सात कुजल्या, कारण पिशवीत घालूनही आम्ही वर पाणी घालतच होतो. उरल्या पाच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या पाचही काड्यांना पालवी फुटली. बारीक, चकचकीत, हिरवी पानं. आजींना फोन केला, त्यांना कोण आनंद झाला. आमच्यातल्या एकाने उत्साहाच्या भरात त्यातल्या दोन काड्या पिशवीबाहेर काढून, मोठ्या कुंडीत खत-माती घालून उजेडात ठेवल्या. तीन दिवसांत दोन्ही माना टाकून बसल्या. उपटून पाहिलं तर खाली एकही मूळ नव्हतं.

आमच्या सगळ्या चुकांमधली ही आम्हाला सर्वांत महाग पडलेली चूक. काडीवरचे डोळे आधीपासून तयार असतात. काडीतल्या साठ्यावर ते फुटतात. त्यासाठी मुळं लागत नाहीत. पालवी म्हणजे काडी अजून जिवंत आहे एवढंच. ती रुजली आहे असं नव्हे. उलट नवी पानं नवं पाणी मागतात, म्हणजे हा काळ आणखी नाजूक. खालच्या टोकाला पांढरट गाठीसारखा उंचवटा आला तरी घाई नको. तो कॅलस. जखम भरत असल्याची ती खूण आहे, मूळ नव्हे. ग्लासाच्या कडेला पांढरी मुळं दिसली, ती इंच-दीड इंच लांब झाली, त्यांना फाटे फुटले की मगच हात लावायचा.

उरलेल्या तीन काड्यांना आम्ही हात लावला नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिन्हींची मुळं दिसली. चोवीसातल्या तीन. त्याच झाडाच्या काड्या जुलैत मिळाल्या असत्या तर यापेक्षा कितीतरी जास्त जगल्या असत्या, पण जुलैत ते झाड राहिलं नव्हतं.

बाहेरच्या हवेची सवय

मुळं आली तरी पिशवी एकदम काढू नका. पिशवीतल्या दमट हवेत वाढलेली पानं मऊ असतात, त्यांना कोरड्या हवेत पाणी राखायची सवय नसते. पहिल्या दिवशी पिशवीचा एक कोपरा कापा, मग दुसरा, मग रोज थोडा वेळ पिशवी काढून ठेवा. आठवडा-दहा दिवस जाऊ द्या. त्यानंतर कुंडी बदला, आता माती, गांडूळखत, कोकोपीट सगळं चालेल. मुळांभोवतीचं मिश्रण झटकू नका, ते तसंच मातीत बसवा. पंधरा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन. झाड वीतभर वाढलं की शेंडा खुडा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतील.

प्रश्नोत्तरं

*एका ताईंनी विचारलं : पाण्याच्या बाटलीत काडी ठेवली तर?*

जास्वंद पाण्यातही मूळ धरते. पाणी दोन-तीन दिवसांनी बदलायचं आणि पाण्याखाली पान येऊ द्यायचं नाही. पण पाण्यात आलेली मुळं ठिसूळ असतात, मातीत लावताना मोडतात आणि मातीची सवय व्हायला त्यांना वेळ लागतो. मुळं अर्धा-एक इंच असतानाच मातीत लावलं तर जमतं, आणि लावल्यावर आठवडाभर पिशवी घालायची.

*एका काकांचा प्रश्न : हीच पद्धत आंब्याला का चालत नाही?*

प्रत्येक झाडाची मुळं फुटण्याची तयारी सारखी नसते. मोठ्या आंब्याच्या काडीला मूळ फुटणं फार अवघड, म्हणून कोकणात कोय कलम करतात. तगर, बोगनवेल, मोगरा, क्रोटन मात्र जास्वंदीसारखीच काडीने होतात. बोगनवेलीची काडी थोडी जून घ्या आणि पाणी आणखी कमी घाला. कण्हेरही काडीने होते, पण तिचा चीक विषारी असतो, हात धुवा आणि मुलांना लांब ठेवा.

*आणखी एक प्रश्न : जुनं, एकच उरलेलं झाड असेल तर धोका कसा पत्करायचा?*

वेळ असेल तर गुटी कलम करा. डाळिंबाच्या बागायतदारांना हे ठाऊक आहे. झाडावरच्याच फांदीची इंचभर साल गोलाकार काढायची, तिथे ओलं मॉस गुंडाळून वर प्लास्टिक बांधायचं. साल काढल्याने रसवाहिन्या तुटतात, म्हणजे वरून येणारी साखर आणि ऑक्सिन त्या जागी अडतात. पण आतल्या लाकडातल्या जलवाहिन्या शाबूत असतात, त्यामुळे मुळांचं पाणी फांदीला मिळतच राहतं. म्हणजे तहानेचा प्रश्नच मिटतो. मूळ आल्यावर फांदी तोडायची. आजींच्या झाडाला आम्ही हेच केलं असतं, पण त्याला दीड-दोन महिने लागतात आणि आमच्याकडे पंधरा दिवस होते. म्हणून सांगतो, तुमच्या घरी, गावी, माहेरी असं एखादं झाड असेल तर वाडा पाडायची तारीख यायची वाट बघू नका. येत्या पावसातच दहा काड्या लावा, आणि जगलेल्या दोन-तीन वेगवेगळ्या घरी द्या. एकाच गॅलरीत सगळी ठेवू नका.

*शेवटचा प्रश्न होता : आजींचं काय झालं?*

त्या आता चौथ्या मजल्यावर भाड्याच्या घरात राहतात. तीन रोपांतलं एक त्यांच्याकडे आहे, एक आमच्या गच्चीवर, एक त्यांच्या मुलीकडे नाशिकला. पुढच्या वर्षी गणपतीत त्यांच्या कुंडीला पहिलं फूल आलं. गणपतीला लाल जास्वंद वाहतात, हे केशरी. आजींनी तेच वाहिलं. आम्ही दर्शनाला गेलो तेव्हा ते कोमेजत आलं होतं, जास्वंदीचं फूल एक दिवसाचंच. त्या म्हणाल्या, खाली अजून चार कळ्या आहेत, उद्या या.

आज एवढंच. काड्या लावा, पिशवी घाला, आणि मूळ दिसेपर्यंत हात लावू नका.